कानावर पडलेलं

“बाबा, दारात खाट अडकलीय, तुमचा शब्द नाही. जरा सरका बाजूला,” सून म्हणाली.

“आत बोटभर जागा नाही. काल सांगितलं, परवा सांगितलं. ऐकूच येत नाही म्हटल्यावर काय करायचं?” सासरे दारातूनच म्हणाले.

“ऐकू तर या घरात तुम्हालाच सगळ्यांत जास्त येतं,” खाटेच्या दुसऱ्या टोकाकडून मुलगा बोलला. लोखंडी खाटेचा सगळा भार त्याच्या मांडीवर आला होता. “आईला डॉक्टरांनी जिना बंद केलाय. काल ती माडीवरून चौदा पायऱ्या बसत बसत उतरली. तुम्ही खालीच होतात.”

“होतो ना. मोजल्या मी. पंधरा आहेत.”

ज्यांच्यावरून हे चाललं होतं त्या सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. उजव्या मनगटाशी त्यांचा हात बाहेरच्या बाजूला वळलेला होता, त्यामुळे शेंग त्या डाव्या हातानं फोडत आणि उजव्यानं नुसती धरत. त्या मध्ये पडल्या नव्हत्या. मधली खोली मिळाली तर बरं, एवढंच त्या आठवडाभरात दोनदा म्हणाल्या होत्या.

मधल्या खोलीत खोकी होती. बुटांची, औषधांची, एक मोठं पंख्याचं. सगळ्यांत मिळून चार हजारांवर कार्डं, आणि सगळी एकाच शब्दाची.

एकोणीस वर्षांपूर्वी कोशमंडळाला इंग्रजी-मराठी थोरल्या कोशासाठी घरी बसून काम करणारी माणसं हवी होती. कुणाला आख्खं अक्षर मिळालं, कुणाला अर्धं. छापखान्यात मुद्रितशोधक असलेल्या सासऱ्यांच्या वाट्याला एकच शब्द आला: सेट. पंधरवड्याचं काम, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. अक्षरंवाल्यांची कामं उरकली, त्यांतले दोघं-तिघं वारलेही. यांचा शब्द चालूच होता. सूर्य मावळला तरी सेट, सिमेंट धरलं तरी सेट, घड्याळाचा गजर लावला, अंगठीत खडा बसवला, कुणाच्या अंगावर कुत्रं सोडलं तरी तोच. गल्लीनं त्यांना ‘एकशब्दी’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना रागही आला नाही. उलट बरं वाटलं असावं.

जेवताना ते शब्दाचं कूळ सांगत. मुळात ते दोन शब्द. एक जुन्या इंग्रजीतला, बसवणं या अर्थाचा; आपल्या ‘सदन’मधल्या सद् धातूचा लांबचा भाऊबंद. दुसरा लॅटिनमधला, फ्रेंचांच्या घरी राहून आलेला; कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांचा जथा, असा त्याचा अर्थ. पुढे दोघांचा संसार असा एक झाला, की कुठलं मूल कुणाचं ते सांगता येईना.

“तुमच्या भावकीसारखंच की,” बायको म्हणे, आणि आमटी वाढे.

त्यांची एक पद्धत होती. मंडळानं प्रत्येक अर्थाला मराठी प्रतिशब्द आणि एक वाक्य मागितलं होतं. बाकीचे टेबलाशी बसून वाक्यं तयार करत. यांनी ठरवलं, वाक्य कानावर पडलेलंच घ्यायचं. बनवलेल्या वाक्याला घामाचा वास येत नाही, असं ते म्हणत. कार्डावर वर अर्थाचा क्रमांक, मग वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ. छापखान्यात प्रुफावर वेळ टाकायची सवय, ती इथंही. वाक्य आलं की लगेच टिपायचं, नाहीतर आपण त्याला इस्त्री करतो. म्हणून कार्डं कायम खिशात.

आणि कान बहुतेक बायकोकडे. ते तिच्याशी फारसं बोलत नसत, पण ती बोलायला लागली की हातातलं काम थांबवून ऐकत. शेजारणी नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या, तेव्हा ती शांतपणे म्हणायची, “आमच्या ह्यांना माझं बोलणं लागतं.” तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तिनं जपून वापरलं होतं.

“हे बघा, तुम्ही हलत नसाल तर मीच काढते,” सून म्हणाली, आणि खाटेखालून वाकून आत शिरली. पहिलंच खोकं उचललं, तर तळ सुटला. कार्डं फरशीवर पसरली.

“हात लावू नकोस. क्रमानं आहेत ती.”

“लावते तर. बघू तरी, कशासाठी सासूबाई जिन्यात बसतायत.” तिनं एक उचलून मोठ्यानं वाचलं, नाटकातल्यासारखा आवाज काढून. “‘तुमच्या तोंडावर तर सिमेंट धरलंय.’ बायको, दुपारी सव्वा. हे बरोबर आहे.” मुलगा खाटेच्या ओझ्याखाली हसला. सासूबाईही हसल्या. “आणि हे. ‘माझं हाड जागचं सरकलंय, कुणीतरी बसवा हो.’ बायको, न्हाणीघरातून. सकाळी नऊ वाजून दहा.”

तारीख तिनं त्याच सुरात वाचली. मग तिचा सूर गेला.

त्या तारखेला अकरा वर्षं झाली होती. सुनेला लग्न होऊन सहाच, पण हाताची गोष्ट तिनं ऐकली होती; या घरात सगळ्यांनीच ऐकली होती. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या तेव्हा मुलगा कॉलेजात, सासरे साडेआठलाच छापखान्यात गेलेले, घरात चिटपाखरू नाही. दुपारी चारला सासरे परत आले तेव्हा दवाखाना. सकाळी आणलं असतं तर हाड सरळ बसवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

मुलानं खाट खाली टेकवली.

“तुम्ही घरात होता?” सासूबाईंनी विचारलं.

“निघतच होतो. आठ-पन्नासची गाडी चुकली, म्हणून परत आलो होतो.” ते खाली बसून कार्डं गोळा करत होते. “एवढं लागलं असेल असं वाटलं नाही. तू नेहमीच मोठ्यानं बोलतेस.”

“मी हाका मारल्या.”

“तीन. तिन्ही वेगळ्या होत्या. हीच त्यांतली चांगली. मग उशीर व्हायला लागला.”

“बाबा, गप्प बसा,” मुलगा म्हणाला.

“का गप्प बसू? हाड बसवण्याच्या अर्थाला वर्षभर वाक्य मिळत नव्हतं. डॉक्टरांचं संध्याकाळचंही आहे माझ्याकडे, पण ते पुस्तकी आहे. मंडळानं हिचंच घेतलं. हिचं वाक्य कोशात छापून येणार, पाचशे वर्षं लोक वाचतील. तुमच्यापैकी कुणाचं काय राहणार आहे?”

सुनेनं कार्ड सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा नसताना ते लांब धरून पाहिलं. अक्षर सुंदर होतं, घाईचं अजिबात वाटत नव्हतं. त्यांनी ते परत दिलं.

“किती अर्थ राहिलेत अजून?”

“सतरा.” सासऱ्यांनी वर पाहिलं. आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं. “फक्त सतरा. सहा महिने द्या मला, मग खोली तुझी.”

“वाक्यं कुठून आणणार?”

“इथलीच. तुझीच बहुतेक. बाहेरचे लोक हल्ली वर्तमानपत्रासारखं बोलतात. तू बोलत राहा, माझं काम होतं.”

“आणि तुमच्या मनानं तयार केली तर?”

“एकोणीस वर्षं एकही केलं नाही. आता करीन?”

सासूबाईंनी शेंगांची परात खाली ठेवली आणि स्टुलाला धरून उभ्या राहिल्या. सून पुढे झाली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“खोकी तिथंच राहू देत,” त्या म्हणाल्या. “खाट पुढच्या, तुमच्या खोलीत लावा, तुम्ही दोघं माडीवर जा. आणि आत्तापासून ह्यांच्या कानावर पडेल असं या घरात कुणी काही बोलायचं नाही. मी नाही, तुम्ही नाही. जेवायला वाढलं की ताट आपटायचं.”