डाव्या कडेचे चार इंच

चादरीत गुंडाळलेलं चित्र आत्यानं फ्रेमवाल्याच्या टेबलावर उलगडलं. भाच्यानं हॉलच्या भिंतीचं माप दिलं होतं, ते स्वतः लिहून घेतलेली चिठ्ठी पुढे केली. बत्तीस वर्षं रुग्णालयात केसपेपर लिहिलेली बाई. अक्षर अजून टाइप केल्यासारखं.

चित्र दादानं काढलेलं. तो जाऊन वर्ष झालं, वहिनी त्याच्या आधीच गेली. चित्रात वहिनी मटार सोलतेय, लहानगा भाचा जमिनीवर पालथा पडून अभ्यास करतोय. डाव्या कडेला, दारात, स्वतः आत्या: खांद्याला पर्स, एक चप्पल काढलेली, एक पायात. लग्न झालं नाही, ती भावाकडेच राहिली. या चित्रासाठी ओळीनं चार रविवार कामाचे कपडे घालून उभी होती. "वन्सं, आज ओव्हरटाइम वाटतं!" वहिनी हसायची.

फ्रेमवाल्यानं टेप धरली. "मावशी, या मापात डावीकडचे चार इंच माउंटखाली, म्हणजे कडेच्या पुठ्ठ्याखाली जातील. दारातली बाई झाकली जाईल. कामवालीच दिसतेय म्हणा."

"कामवालीच," आत्या म्हणाली.

"पण एक सांगू? बाकीचे दोघं आपापल्या नादात. त्यांच्याकडे बघणारी ही एकटीच. ही गेली की उरले नुसते मटार."

"फ्रेमवाले ना तुम्ही? फ्रेमचं बघा."

"बघतोच आहे. ही आत येतेय की बाहेर चाललीय, तेवढं कळेना."

आत्यानं चष्मा पुसला. इतकी वर्षं चित्र कपाटामागे होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. दादानंही फक्त 'हलू नकोस' एवढंच सांगितलं होतं.

"येतेय," ती जरा मोठ्यानंच म्हणाली. "कामावरून घरी येतेय. घर आहे तिचं. पूर्ण दिसेल अशी फ्रेम करा."

फ्रेमवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीवरचं माप खोडलं.

आठवड्यानं चित्र घरी आलं. भाचा वैतागला. "आत्या, माप दिलं होतं ना तुला? हे कसं मावणार?"

"नाही मावत."

"मग माउंट लावून घेऊ. कडेला तसं आहे काय? नुसतं दार."

आत्यानं चित्र उचललं. "राहू दे. माझ्या खोलीत लावते."

खिळा तिनंच ठोकला. चित्र बघायला त्या खोलीत अजून कुणी आलेलं नाही. हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी घड्याळ लागलं. ते अगदी मापात बसलं.