रिकामी पुडी

आमच्या घरी मासळीची वाण नव्हती, मासळी फक्त बायकांच्या ताटात नव्हती. वडील आणि काका गावच्या तलावात जाळं टाकायचे. मोठी मासळी बाजारात जायची, लहान घरी शिजायची, आणि पुरुष जेवून उठले की हंडीच्या तळाशी रस्सा उरायचा. तो आम्ही भातावर ओतून घ्यायचो. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी सातवीत होते आणि मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तोंड पांढरंफटक पडलेलं. विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसायची. दाराआडच्या भिंतीची माती बोटाने खरवडून खायची, तिथे खळगाच पडला होता. आई म्हणायची, डोहाळे आहेत.

महिन्याला गावात फेरीवर येणाऱ्या नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. अंगात रक्तच नाही म्हणाल्या आणि कागदाच्या पुडीत लाल गोळ्या दिल्या, रोज एक. घरात वाचता येणारी मीच, म्हणून आईने ते काम माझ्यावर सोपवलं. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले.

दोनच दिवसांनी बहिणीने मला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, गाठलं. गोळीने परसाकडे काळं होत होतं, बाळही काळं निपजेल अशी तिला धास्ती. शिवाय शेजारच्या म्हाताऱ्या सांगत की गोळ्यांनी मूल फार वाढतं आणि वाटेत अडतं. आमच्याकडे बायका शेवटचे महिने मुद्दाम अर्धपोटी काढत, मूल लहान राहावं म्हणून. तीही तेच करत होती.

"फेकून दे, पण आईले सांगू नोको," ती म्हणाली.

मोठ्या बहिणीचं गुपित आपल्याकडे आलं याचाच मला आनंद. रोज संध्याकाळी मी एक गोळी पाण्यात टाकायचे. महिन्याने नर्सबाई आल्या तेव्हा रिकामी पुडी दाखवली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि नवी पुडी दिली. तीही तलावात गेली.

बाळंतपण घरीच झालं. मुलगी अगदी चिमुकली, सुईणीला फारसं काही करावंच लागलं नाही. मग रक्त जायला लागलं ते थांबेना. बैलगाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत बहीण गेली. मुलगी आठवडाभर जगली.

दोन वर्षांनी मासळीची टोपली उचलताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पाळीवरच कोसळले. त्याआधीच माझं बोट दाराआडच्या त्या खळग्यात जायला लागलं होतं. नर्सबाईंनी माझीही पापणी ओढली आणि पिशवीतून तशीच पुडी काढली. आईने त्यांचा हात धरला.

"मोठीनं साऱ्या गोळ्या खाल्ल्या होत्या, बाई. तरी गेली. हिले नोको."

हे ती दोन वर्षं गावभर सांगत होती. तिचं ऐकून कितीतरी पोटुशा बायकांनी पुड्या तशाच कोनाड्यात ठेवल्या होत्या. प्रत्येक वेळी मी तिथेच असायचे आणि मूग गिळून बसायचे. भित्री होते मी, दुसरं काही नाही. आता नर्सबाई पिशवी बंद करायला लागल्या. मला मरणाची भीती वाटली, बहिणीला वाटली असेल तशीच.

"आई, तिनं दोनच खाल्ल्या," मी म्हटलं. "बाकीच्या मीनं तलावात टाकल्या."

मार बसेल म्हणून मी डोळे मिटले. आईने हात उगारला नाही. तिने तो नर्सबाईंपुढे पसरला आणि पुडी घेतली.

त्या दिवसापासून मासळीचा तुकडा पुरुषांच्या आधी माझ्या ताटात पडू लागला. जेवण झालं की आई पाण्याचा गडवा घेऊन समोर बसायची. मी गोळी गिळली की हनुवटी धरून माझं तोंड उघडून बघायची. बहिणीचं नाव मात्र तिने माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही.