यात्रेला आलेली कामं

आमच्या गावच्या हायस्कूलच्या समितीत मी शिक्षणप्रेमी सदस्य आहे. शिक्षण चौथी. तशी एक जागा भरावी लागते आणि गावात माझ्याइतका रिकामा वेळ कुणाला नाही, म्हणून मला बसवलं. बाकीचे सदस्य चहा पिऊन, सही ठोकून जातात. मी शेवटपर्यंत बसते. मला ऐकायला आवडतं आणि मध्ये बोलायलाही.

यंदा परीक्षेआधीच्या बैठकीत विज्ञानाच्या बाई कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. बाई विदर्भातल्या, इथं येऊन दुसरंच वर्ष. नववीच्या पोरांना त्यांनी लिहायला दिलं होतं, पुढं काय व्हायचंय. त्यांनी ते कागद वाचून दाखवले. पोरगे सगळे भरती. मिलिटरी नाहीतर पोलीस. पोरी नर्स नाहीतर शिक्षिका. एका कागदावर एकच ओळ होती, ‘बाबा सांगतील ते.’

कागदावर नाव नव्हतं, पण मी अक्षर ओळखलं. माझ्या नातीचं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पलटणीतून निवृत्त होऊन आलाय. पोरीला नर्सिंगला घालायचं त्यानं ठरवून टाकलंय. नर्सिंग वाईट नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीला स्वतःचं म्हणून एक अक्षर लिहिता येऊ नये, याचा मला राग आला. मलाही कुणी विचारलं नव्हतं, पण तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती.

बाई म्हणाल्या, “मुलं हुशार आहेत हो. पण त्यांनी पाहिलंय काय? सुट्टीत तीन दिवस कामं बघायला नेऊ या. एक दिवस सांगलीचं हळदीचं मार्केट, एक दिवस शिरवळचा कारखाना, एक दिवस साताऱ्याचं कोर्ट आणि दवाखाना.”

सांगली म्हटल्यावर मी खुर्चीतच पुढं सरकले. लग्नानंतर बरीच वर्षं मी तिथल्या मार्केटात हळद निवडलीय. मालक, म्हणजे माझे यजमान, हमाली करायचे, मी निवडायला बसायचे.

हेडमास्तर म्हणाले, “सुट्टीत कोण येतंय? वीस पोरं तरी भरतील का? गाडी सांगून ठेवायची आणि फजिती करून घ्यायची. वीस आली नाहीत तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, आधीच सांगतो.”

“वीस मी आणते,” मी म्हणाले आणि टेबलावर हात आपटला. हेडमास्तरांचा चहा बशीत सांडला.

पंधरा दिवस मी दारोदार फिरले. इतकी मजा मला कुठल्या लग्नातही आली नव्हती. एकीला सांगितलं, तुझ्या पोराला कोर्ट आत्ताच बघू दे, पुढं वेगळ्या कारणानं बघायला लागायचं. ती हसली आणि तिनं नाव दिलं. तीस पोरं झाली. नातीचं नाव मीच घातलं. बाईंनी मोबाइलमध्ये तारखा दाखवल्या, मेच्या पहिल्या आठवड्यातल्या. मी मान डोलावली. शिरवळच्या कारखान्याचं परवानगीचं पत्रही आलं.

मग एका सकाळी शेजारीण येऊन म्हणाली, “आवं आत्ती, माझ्या पोराचं नाव काढा. छबिन्यादिवशी पोरगं गावाबाहेर? देवाला काय सांगू?”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून डोळ्यांजवळ धरलं. वैशाखातली सप्तमी-अष्टमी. आमच्या गावची यात्रा. सप्तमीला रात्री पालखीचा छबिना, अष्टमीला मटण आणि कुस्त्या. आणि आमचं सांगली-शिरवळ त्याच दोन दिवसांवर.

बाई बाहेरच्या, त्यांना काय माहीत. चूक माझी. जन्मभर तिथीनं चाललेली मी. आंबील, श्राद्ध, उपास, सगळं तिथीनं. आणि त्या दिवशी शिकलेल्यांच्या पंगतीत बसलेय म्हणून तारखेवर मान डोलावली. तिथी बघायची माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळपर्यंत चार पोरं उरली. शिरवळची परवानगी त्याच दिवसाची होती. हेडमास्तर म्हणाले, “मी सांगितलं होतं.” हे वाक्य ज्या माणसाला आवडतं त्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही.

बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. डोळे भरलेले. मी म्हणाले, “रडणार असाल तर मी जाते घरी.”

“रडत नाही. पण आता काय करायचं, आजी? यात्रेत सगळं गाव अडकलेलं.”

“गाव अडकलेलं न्हाई, गाव येणार हाय,” मी म्हणाले आणि माझं मलाच लख्ख दिसलं. पुणे, मुंबई, कोचीन, कुठं कुठं गेलेली आमची माणसं दिवाळीला येणार नाहीत, पण यात्रेला येतात. पोरांना कामं बघायला कशाला न्यायचं? कामंच गावात येतायत की!

बाईंनी तिथंच वही काढली. कोण काय करतो, मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. देवळाभोवतीची घरं झाल्यावर त्या थांबल्या. मी म्हणाले, “बौद्ध वस्ती राहिली. तिथली माणसं गावाच्या आधी शिकली. तिकडं चला.” तिथं शिरवळच्या कारखान्यात मशिनवर काम करणारी एक पोरगी आदल्याच दिवशी घरी आली होती. ती म्हणाली, “येते की. पण भाषण जमणार न्हाई मला.”

“भाषण केलंस तर उठवीन,” मी म्हणाले. तोच नियम सगळ्यांना लावला. भाषण नाही, उपदेश नाही. कामाचं हत्यार आणायचं आणि सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो तेवढंच सांगायचं. वेळ अष्टमीच्या सकाळची. छबिन्याची झोप झालेली, मटण अजून चुलीवर, कुस्त्यांना अवकाश.

अष्टमीला मी आठ वाजता शाळेत जाऊन बसले. हेडमास्तर आले, हाताची घडी घालून उभे राहिले. साडेआठला पोरं सात. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आले.

मग आमच्या आळीतल्या गलाईवाल्यानं शेगडी पेटवली. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या माण-आटपाडीची माणसं त्यासाठी देशभर पसरलीत. हा केरळात असतो. वितळवायला चांदी नव्हती. मी कनवटीची पुरचुंडी सोडून माझी जोडवी दिली. मालक गेल्यावर काढलेली, डब्यात पडून होती, लागली तर म्हणून सकाळी बरोबर घेतली होती.

तो बिचकला. “आत्ती, ही नगं. आठवण हाय तुमची.”

“डब्यात काय अंडी घालणार हायत? घाल मुशीत.”

भाता सुरू झाला. मूस, म्हणजे वितळवायचं भांडं, लाल झाली आणि जोडवी बघता बघता पाणी होऊन गरगरली. सात पोरांनी असा गलका केला की रस्त्यावरची पोरं कुंपणावर चढली. नऊ वाजता मी मोजायचं सोडून दिलं. हेडमास्तर मोजत होते. अडतीस झाली म्हणाले, आणि स्वतःच सतरंजी आणायला गेले.

मीही टोपली घेऊन बसले. हळकुंड कानाजवळ मोडायचं. चांगलं वाळलेलं टण्ण वाजतं, ओलं नुसतं दबतं. पोरांना डोळे मिटायला लावले आणि ओळखायला सांगितलं. एक पोरगं दहाच्या दहा ओळखून म्हणालं, “आजी, हे काम लय सोपं हाय.” मी म्हणाले, “दहा पोती ओळख, मग सांग.”

पण माझं निम्मं लक्ष नातीवर होतं. ती शिरवळच्या पोरीपुढं बसली होती आणि उठत नव्हती. त्या पोरीनं मायक्रोमीटर आणला होता. केसाची जाडी मोजता येते त्यानं. नातीनं आपला एक केस उपटला, मोजला. मग धावत माझ्याकडं आली आणि न विचारता माझा उपटला.

“अगं, डोकं हाय का शेत?”

“आज्जी, तुझा बारीक हाय! माझ्यापेक्षा लय बारीक!” ती ओरडली, आणि परत पळाली. मग तिनं आख्ख्या वर्गाचे केस मोजून वहीत लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शिरवळच्या पोरीला तिनं इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, “बाई गं, आमचा सायबसुद्धा एवढं विचारत न्हाई. तू येऊनच बघ.” आणि तिनं तिथल्या तिथं फोन लावून साहेबाकडून पुढच्या शुक्रवारची परवानगी मिळवली.

दुपारी पंगतीत मुलानं पोरीला विचारलं, “मग काय, नर्सिंग नक्की ना?”

ती भाकरी मोडत म्हणाली, “न्हाई. अजून बघतीय.”

त्याचा हात ताटातच थांबला. आमच्या घरात बापाला ‘न्हाई’ पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मीच शिकवलंय.

“बघू दे की रं,” मी म्हणाले. “तू न बघता भरती झालास, मी न बघता लग्न केलं. एकीला तरी बघू दे. आणि रस्सा वाढ.”

त्यानं रस्सा वाढला.  मग पोरीला म्हणाला, “शिरवळला किती वाजता निघायचंय?”

“सहाला.”

“मग पाचला उठवतो.”

हेडमास्तरांनी शुक्रवारची गाडी सांगितलीय. वीसच जागा आहेत आणि पोरं चाळीस मागं लागलीत, त्यावरून बाई आणि ते आज सकाळपासून भांडतायत. दोन खेपा करा म्हणून मी सांगून आले. पहिल्या खेपेत ड्रायव्हरशेजारची जागा माझी, तेही सांगितलं. कारखाना मी अजून बघितलेला नाही.