सृष्टीची फेरपरीक्षा

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं बुटांचं दुकान आहे आणि समोर वाल्मीक गांगुर्डे याचं शिलाईचं. जवानांच्या वर्द्या अंगाबरोबर करून देणं, फिती लावणं, नावाच्या पट्ट्यांवर दोऱ्यानं अक्षरं भरणं हे त्याचं काम. माणूस मूळचा मनमाडकडचा, बोलायला सरळ. आता त्याच्या शेजारच्या मशीनवर त्याची मुलगी सृष्टी बसते. बावीस वर्षांची आहे. ती एवढीशी होती तेव्हापासून मी तिला बघतोय.

लहानपणी ही पोर बाजारभर प्रसिद्ध होती. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. गिऱ्हाइकानं महिन्यापूर्वी काय सांगितलं होतं ते वाल्मीकला तिच्याकडून कळायचं. पण पुस्तक हातात दिलं की हीच मुलगी मुकी व्हायची. ‘कमळ’चं ‘मकळ’ व्हायचं, ओळ सुटायची, जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. वहीत लिहिलेलं तिचं तिलाच वाचता येत नसे. बाईंनी पट्ट्या मारल्या, बाकावर उभं केलं. वाल्मीकही चिडायचा. “तोंड लय चालतं हिचं, हात नाय चालत,” असं म्हणायचा.

आठवीत तिला वर्गशिक्षिका म्हणून भाग्यश्री मॅडम मिळाल्या. शाळा नाशिकरोडला. मॅडम इतिहास-भूगोल शिकवायच्या. वर्गात प्रश्न विचारला की सृष्टी नेमकं उत्तर द्यायची आणि पेपर मात्र कोरा द्यायची, हे त्यांना खटकलं. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि तोच पेपर तोंडी विचारला. सृष्टीनं जवळजवळ सगळा सोडवला.

मॅडम दुकानात आल्या त्या दिवशी मी तिथंच होतो. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या म्हणाल्या. वाल्मीकचा चेहरा उतरला.

“म्हंजे पोरगी वेडी हाय का आमची?”

“नाही हो. बुद्धी चांगली तल्लख आहे. वाचण्या-लिहिण्यापुरतीच अडचण आहे. असं पुष्कळ मुलांना असतं. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ती सांगेल, दुसरी मुलगी लिहील.”

सृष्टीची आई लंकाबाई आतल्या पडद्याआडून म्हणाली, “दाखवा काय ते, पण बाहेर बोलू नका. उद्या पोरीचं लग्न करायचंय.”

दवाखान्याच्या बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात पडलं. नववीच्या सहामाहीला सृष्टी पहिल्यांदा प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत वेगळी बसली. आठवीतली एक मुलगी तिच्या शेजारी लेखनिक म्हणून, आणि समोर एक शिक्षक.

अभ्यासाचं म्हणाल तर त्यात सायली होती. सायली आहेर, सृष्टीच्याच वर्गातली, पहिल्या नंबरची मुलगी. दोघी कॅम्पातून एकाच सिटी बसनं जायच्या. सायलीला मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नसे, म्हणून ती बसमध्ये धडे वाचायची आणि सृष्टी ऐकायची. नाशिकरोड येईपर्यंत सृष्टी तो धडा उलट सायलीला सांगायची. सायली हसून म्हणायची, “तू माझा टेपरेकॉर्डर आहेस.”

सहामाहीचे पेपर मिळाले. इतिहासात सृष्टीला चाळीसपैकी छत्तीस आणि सायलीला तेहतीस. सृष्टीनं पेपर घरी आणला तेव्हा वाल्मीकनं तो मला रस्ता ओलांडून दाखवायला आणला होता. “वाचा, वाचा,” म्हणत होता. त्या संध्याकाळी लंकाबाईनं शेजारीपाजारी पेढे दिले.

दुसऱ्या दिवशी सायली बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात पालकांची सभा झाली. सायलीचे वडील, आहेर, एका पतसंस्थेत नोकरीला होते आणि पालक संघातही होते. ते उभे राहिले. “आमच्या मुली डोळे फोडून अभ्यास करतात. कालपर्यंत जिला नाव नीट लिहिता येत नव्हतं तिला छत्तीस? लिहिणारीनं सांगितलं नसेल कशावरून?”

मागून आणखी दोघं-तिघं बोलले. आजकाल असली प्रमाणपत्रं कुठंही मिळतात, असं एक बाई म्हणाल्या. वाल्मीक मागच्या बाकावर बसला होता. हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, “लिहिणारी आठवीतली आहे. तिला नववीचा इतिहास कुठून येणार? तरी शंका असेल तर सृष्टीला तोंडी विचारा. आत्ता, सगळ्यांसमोर विचारा. मी बाहेर थांबते.”

“तोंडी का म्हणून?” आहेर म्हणाले. “बाकीच्या मुलांनी तोंडी दिली का?”

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांना सभा आटोपायची होती. ते म्हणाले, “फेरपरीक्षा घेऊ. तोच पेपर, लेखी. लेखनिक नाही, जादा वेळ नाही. सगळ्यांना असतं तसंच. म्हणजे कुणाच्याच मनात किंतू राहणार नाही.”

मॅडमनी परोपरीनं समजावलं. ज्या गोष्टीसाठी प्रमाणपत्र दिलंय तीच काढून घेऊन कसली परीक्षा, म्हणाल्या. पण सभेला ‘सगळ्यांना सारखं’ हा शब्द पटला होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत सृष्टीला बसवलं. समोर दोन शिक्षक. शिपाई फायली घेऊन ये-जा करत होता. पुढं बऱ्याच दिवसांनी तिनं मला त्या दिवसाचं सांगितलं. “काका, हरितक्रांतीचं उत्तर अख्खं येत होतं मला. पण लिहायला गेले की शब्द तुटायचा. खोडायचे, परत लिहायचे, तोवर पुढचं वाक्य निघून जायचं. आणि ते दोघं सर माझ्या हाताकडेच बघत होते.”

नऊ मार्क पडले.

तो पेपर पालक संघाला दाखवण्यात आला. आहेरांनी पानं उलटली आणि म्हणाले, “आता मी काय वेगळं सांगायचं?” शाळेत तिचं नाव ‘कॉपीवाली’ पडलं. लेखनिक मुलीची आई दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेली की आमची मुलगी पुन्हा लिहिणार नाही. त्या पोरीनंही रडून रडून शपथा घेतल्या होत्या, पण लोक म्हणाले, कबूल कोण करतंय.

वाल्मीकला एकच वाट दिसली. तो सृष्टीला घेऊन आहेरांच्या घरी गेला. दारातच उभा राहून म्हणाला, “साहेब, मार्कांचं राहू द्या. फक्त तुमच्या पोरीला इचारा. ती वाचायची, आमची ऐकायची. तिला ठाऊक हाय आमच्या पोरीला किती येतं ते.”

सायली आतून आली. तिनं वडिलांकडं पाहिलं.

“मी वाचायचे,” ती म्हणाली. “पण तिच्या किती लक्षात राहायचं ते मला नाही सांगता येणार.”

सृष्टीनं वडिलांची बाही ओढली. “पप्पा, चला.”

कागदोपत्री तिची सवलत कुणी काढली नव्हती. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मॅडमनी सगळी कागदपत्रं लावून ठेवली होती. सृष्टीनं सही करायला नकार दिला. मॅडम दुकानात येऊन बसल्या, रागावल्या, हात जोडले.

“मॅडम, सगळ्यांसारखं बसू द्या मला.”

“तू नापास होशील गं.”

“हो.”

वाल्मीक मान खाली घालून कापड कापत राहिला. “तिची मर्जी नसंल तर मी तरी काय करू?” एवढंच म्हणाला.

ती सगळ्यांच्या हॉलमध्ये बसली आणि चार विषयांत गेली. सायली बोर्डाच्या परीक्षेत शाळेत पहिली आली. बाजारात तिच्या अभिनंदनाचा फलक लागला होता, तो आमच्या दोन्ही दुकानांतून दिसायचा. पुढच्या वर्षी संस्थेनं मॅडमची बदली वणीच्या शाळेत केली.

सृष्टी दुकानात बसू लागली. काज-बटण, तुरपाई, चेन बसवणं, सगळं सफाईनं करते. नावाच्या पट्ट्या मात्र करत नाही. सुरुवातीला केल्या होत्या. एका जवानाच्या आडनावातली दोन अक्षरं इकडची तिकडं झाली. तो बिचारा हसला, “कोई बात नहीं” म्हणाला. पण सृष्टी उठून आत गेली ती दिवसभर बाहेर आली नाही. तेव्हापासून वाल्मीक पट्ट्या स्वतः भरतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भाग्यश्री मॅडम आल्या. वाल्मीकनंच त्यांना फोन केला होता, पोरीला न सांगता. सृष्टीचा धाकटा भाऊ बंटी तेव्हा सहावीत होता आणि त्याचीही अक्षरं तशीच उलटीपालटी होत होती. मॅडमनी त्याची वही चाळली आणि म्हणाल्या, “लवकर तपासून घेऊ. आता बरंच सोपं झालंय. नियम आहेत, शाळांना नकार देता येत नाही.”

सृष्टी मशीन थांबवून म्हणाली, “नको.”

“सृष्टी, तुझ्या वेळी जे झालं ते चूकच होतं. पण त्यात तुझा दोष नव्हता.”

“मला ठाऊक आहे, मॅडम. तेव्हाही ठाऊक होतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्याला नापास होऊ दे. नापासाला कुणी चोर म्हणत नाही.”

मॅडमनी वाल्मीककडं पाहिलं. त्यानं चहा मागवला. चहा झाला, मॅडम थोडा वेळ बसल्या, मग वणीची गाडी निघून जाईल म्हणून उठल्या. जाताना त्यांनी बंटीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी नंतर वाल्मीकला म्हटलं, “अरे, मॅडमचं ऐकायचं होतंस. पोराचं आयुष्य आहे.”

“आता घरात तिचंच चालतं,” तो म्हणाला. “आन् तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?”

बंटी यंदा सातवीत आहे. संध्याकाळी सृष्टी मोबाइलवर त्याच्या धड्यांचं रेकॉर्डिंग लावते आणि तुरपाई करता करता त्याच्याकडून म्हणून घेते. धडे त्याला घडाघडा येतात. सहामाहीत बहुतेक विषयांत त्याचे मार्क एक आकडी होते. वाल्मीकनं प्रगतिपुस्तकावर सही केली आणि बंटी ते दप्तरात घालून बाहेर खेळायला गेला.