कोनावरचा शब्द

आज दवाखान्यात न्यायला नवा कोरा टॉवेल काढला आणि त्याच्या खळीच्या वासानं एक जुना रविवार आठवला. अण्णा तेव्हा एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. सूत संपलं की उरणारे पुठ्ठ्याचे रिकामे कोन ते सायकलला बांधून घरी आणत, आणि शाळेच्या स्पर्धेसाठी मी त्यांवर ‘ओसिस’नं संपणारे लांबलचक इंग्रजी शब्द लिहायची, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते अर्थ वाचत आणि मी शब्द सांगायची. त्या सकाळी ते रात्रपाळी संपवून थेट उंबऱ्यात बसले होते, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू तसेच होते. एक कोन उचलून त्यांनी वाचलं, “कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार.” “बिसिनोसिस,” मी पटकन म्हणाले. त्यांनी तो अर्थ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, जरा खोकले आणि म्हणाले, “हे खरं असतंय व्हय गं?” “पुस्तकात हाय की. पुढचा घ्या, अण्णा.” त्यांनी पुढचा घेतला. स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, सत्काराला टॉवेल मिळाला. परवा डॉक्टरांनी अण्णांच्या कागदावर तोच शब्द लिहिला. बाहेर आल्यावर अण्णांना तो वाचून दाखवला आणि अर्थ सांगायला लागले, तर ते म्हणाले, “राहू दे. अर्थ माझा पाठ हाय.”