खंडेनवमीला उचललेला पाना

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध होता, पण सासऱ्यांसमोर मी तो एकदाच काढला. तोही खंडेनवमीला.

वाडीला अमरावती रोडवर आमचं गॅरेज, मागे घर. नवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुवून पांढऱ्या कापडावर मांडायची, हळदकुंकू नि झेंडूची फुलं वाहायची. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. समोर कुणाचा ट्रक बंद पडला तरी सासरे त्या दिवशी जागचे हलत नसत.

त्या वर्षी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, पूजा आटोपली आणि दुपारी माझा भाऊ बाबांना घेऊन दारात आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, आता घरी न्या, म्हणून सांगितलं होतं. बाबांना आमच्या गावी, पारशिवनीला, स्वतःच्या घरात डोळे मिटायचे होते. भावानं ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेली गाडी मात्र निघाल्या निघाल्या तापली, खालून पाणी गळायला लागलं. कशीबशी त्यानं ती आमच्याकडे वळवली.

बाबांना ओसरीवर खाटेवर निजवलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाबांनी ती इतकी वर्षं पाळली. आले की उभ्याउभ्या भेटायचे आणि चहा समोरच्या टपरीवर जाऊन प्यायचे. मला ते फार झोंबायचं. टपरीवाल्याचाही राग यायचा.

"लेकीच्या दारी मरण नको मले," ते भावाला म्हणत होते. "आजच ने गा."

सासऱ्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. "पाण्याचा पंप गेला. पण ईवाई, हत्यारं पूजेत हायेत. उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच."

बाबांनी मान हलवली. व्याह्यांचा नेम त्यांना कळत होता. मला नाही कळला.

"पान्यांले एक दिवसाचा आराम पाह्यजे, मामाजी," मी ओरडले, "आन् माह्या बापाले एक दिवस कोण देईन?"

सासूबाई आतून धावत आल्या. नवरा खाली बघत राहिला. सासरे पूजेसमोर गेले. मग त्यांनी फुलं बाजूला सारली, पाना कपाळाला लावला आणि उचलला.

पंप काढायला पुढचं झाकण उघडावं लागलं. आतला टायमिंगचा रबरी पट्टा कडेनं विरत आला होता. नुसत्या पंपावर भागलं असतं, पण सासरे म्हणाले, "हा रस्त्यात तुटला तं ईवाई रानात पडून राह्यतीन." नवऱ्यानं लकडगंजातल्या ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून दोन्ही वस्तू आणल्या. सासऱ्यांनी इंजिनातल्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवून नवा पट्टा चढवला, इंजिन हातानं फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. एक दात चुकला तर इंजिन धड चालत नाही. कुंकू लावलेले पाने तेलानं काळे झाले. बाबा खाटेवरून सारं बघत होते.

ऊन उतरताना गाडी सुरू झाली. खाली थेंब नव्हता. भाऊ बाबांना उचलायला गेला, तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"त्यायनं माह्यासाठी नेम मोडला," ते म्हणाले. "मीच काहून धरून बसू?"

मग माझ्याकडे पाहिलं. "पाणी दे वं माय."

मी पेला काठोकाठ भरून त्यांच्या ओठांना लावला. ते पाणी प्यायले. थोड्या वेळानं भात मागितला. वरण घालून मऊ कालवला आणि मी त्यांना भरवला. भावानं बाहेर जाऊन गाडी बंद केली.

दसरा होऊन गेल्यावर बाबा माझ्याच ओसरीवर गेले. लेकीच्या दारी मेला, असं गावात लोक बोलले. मी पुष्कळ रडले, पण त्या बोलण्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. मला पुढेही मूल झालं नाही. बाबा मात्र माझ्या घरचं जेवून गेले.