विट्स्के आणि लोकरीचा धागा

विट्स्केला धूळ खपत नसे. घरातली एक वेळ चालेल, ग्रोनिंगेन शहरातल्या खगोलसंस्थेच्या वर्कशॉपमधली अजिबात नाही. एकतीस वर्षं ती तिथे दुर्बिणींना लावायचे, अतिथंड ठेवावे लागणारे कॅमेरे जोडत होती. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवती धुळीचं कडं असतं. डोळ्यांना न दिसणारी त्या धुळीची ऊब हे कॅमेरे टिपतात. "या शास्त्रज्ञांना धूळ हवी आकाशातली, आणि माझ्या खोलीत आणतात स्वेटरची!" हे ती रोज कोणाला ना कोणाला सुनवायची.

स्वेटर प्रोफेसर त्यालिंगचा. हिरवा, लोकरीचा, वीस वर्षांचा. वर्कशॉपमधला धूळ अडवणारा झगा वर न चढवता तो दारातून आत डोकावायचाच. कॅमेऱ्यात ज्याचा कचरा सापडेल त्याने दहाच्या कॉफीला सगळ्यांसाठी केक आणायचा, हा नियम विट्स्केनेच घातलेला. तिला स्वतःला तो कधी आणावा लागला नव्हता, आणि हे सांगायला ती विसरत नसे.

मार्चमध्ये संशोधक मारिट नाचतच आली. डोंगरावरच्या दुर्बिणीतून आलेल्या फोटोत एका ताऱ्याच्या कड्यात तेजस्वी ठिपका होता.

"ग्रह जन्मतोय, विट्स्के! माझा अख्खा प्रबंध यावर उभा राहील."

"त्याच रात्रीचे बाकीचे तारे बघितलेस?"

"ते कशाला?"

"कशाला काय, अगं!" विट्स्केने कपाळावर हात मारून घेतला आणि चार ताऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले. चारही फोटोंत ठिपका डावीकडे खालीच. "चौघींच्या एकाच गालावर तीळ? हा ग्रह नव्हे पोरी, आपल्या कॅमेऱ्यातला कचरा आहे."

मारिटचा चेहरा पडला. विट्स्केला तिची कीव आली आणि त्यालिंगचा असा संताप आला की तिने थेट संचालकांना पत्र लिहिलं: या माणसाला वर्कशॉपचं दार कायमचं बंद करा. संचालक म्हणाले, कॅमेरा परत येऊ दे, आत लोकर निघाली तर बंद.

"मी आत पायसुद्धा टाकला नव्हता," त्यालिंग म्हणाला.

"डोकं घातलं होतंस ना? त्याच्याखाली स्वेटर होताच."

मे महिन्यात कॅमेरा आला. विट्स्केने एकटीनेच तो उघडला. आत धागा होता, लोकरीचाच. तिने तो चिमट्याने विजयी मुद्रेने दिव्याखाली धरला.

धागा निळा होता.

नीट बघायला ती चष्मा चढवू लागली आणि हात दोरीला लागला. साठीला बहिणीने विणून दिलेली चष्म्याची दोरी, निळ्या लोकरीची. वर्षभर ती झग्यावर मिरवत होती. काय हा बावळटपणा! खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि कचऱ्याची टोपली पायाशीच होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या कॉफीला टेबलावर सफरचंदाचा केक होता. शेजारी निळी दोरी आणि तो धागा.

"पहिला तुकडा त्यालिंगला," विट्स्के म्हणाली. "पत्र मी मागे घेतलंय."

त्यालिंगने दोरीकडे पाहिलं, मग एक घास खाल्ला. "जरा कोरडा झालाय."

"एकतीस वर्षांत पहिलाच करतेय!" ती खेकसली, आणि त्याच्या बशीत दुसरा तुकडा ठेवला.